क्रूसाचं काळीज

रोपवेचा डबा दोन खांबांच्या मध्ये थांबला, नेहमीसारखा जरासा झुलला, आणि यारेत्सी म्हणाली, "ब्रिस, त्यांनी मला काळीज दिलंय."

आठवा दिवस होता. डब्यात आमच्याशिवाय एक बाई होती, मांडीवर अंड्यांचा ट्रे घेऊन बसलेली, आणि डबा झुलला तसं तिने दोन्ही हात ट्रेवर पसरले. मी खाली बघितलं. खाली सगळ्या गच्च्या, गच्च्यांवर पाण्याच्या काळ्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, आणि एका गच्चीवर बांधलेला पिवळा कुत्रा, जो प्रत्येक डब्यावर न चुकता भुंकतो. उरिएल त्याला 'तिकीट तपासनीस' म्हणायचा. मी त्या कुत्र्याकडे बघत राहिले, कारण यारेत्सीकडे बघितलं असतं तर तिला कळलं असतं, आणि तिला कळून उपयोग नव्हता, तिला सगळं आधीपासूनच माहीत होतं.

"कोणी दिलं?" मी विचारलं.

"दोन्या एल्वियाने. काल जप संपल्यावर. माझा हात धरला आणि म्हणाली, पोरी, काळीज तूच उचल, दुसरं कोण उचलणार. मी काय बोलणार होते, सांग."

"काही नाही."

"तू म्हण, मी नको म्हणून सांगते. आत्ता उतरून जाते आणि सांगते."

"नको."

"मग असं तोंड करू नकोस."

"माझं तोंड असंच आहे."

अंड्यांवाली बाई गालात हसली. तिला वाटलं असणार, शाळेतल्या पोरी, एखाद्या पोरावरून भांडतायत. तसं बघितलं तर खरंच होतं. फक्त तो पोरगा, उरिएल, आठ दिवसांपूर्वी त्याच्याच गल्लीत, सकाळी नऊ वाजता, पाण्याचा टँकर चढावरून मागे घसरला तेव्हा भिंत आणि टँकर यांच्या मध्ये सापडून गेला होता, शेजारणीच्या टाकीत नळी सोडता सोडता. आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि आलं की सगळी गल्ली नळीला हात लावते. त्या वेळी मी गणिताच्या तासाला होते. मला ते गणितही आठवतं. ते मी बरोबर सोडवलं होतं, आणि त्याचा मला आनंदही झाला होता.

काळीज म्हणजे क्रूसाचं काळीज. आमच्या वस्तीत माणूस गेला की शवपेटीखाली, जमिनीवर चुन्याचा क्रूस काढतात. पेटी दफनभूमीत जाते, क्रूस घरातच राहतो, फुलं आणि चार मेणबत्त्यांच्या मध्ये, आणि नऊ दिवस त्याच्यापुढे जपमाळ म्हणतात. नऊ दिवस त्या खोलीत केरसुणी फिरत नाही. नवव्या दिवशी पाच जण तो उचलतात: एक उजवा हात, एक डावा, एक डोकं, एक पाय, आणि सगळ्यात शेवटी मधलं काळीज. घरातलं कोणी उचलत नाही, घरच्यांनी बाहेरचे नेमायचे असतात. आणि जो उचलतो तो त्या दिवसापासून बाहेरचा राहत नाही. त्याला लग्नाचं पहिलं आमंत्रण जातं, त्याच्या आजारपणात त्या घरातून डबा येतो, मेलेल्याची आई त्याला कोम्पाद्रे म्हणते, बाई असेल तर कोमाद्रे, म्हणजे सोयरीण, आणि ते नातं रक्ताच्या नात्यासारखं मोडता येत नाही. रक्ताची नाती तरी मोडतात. काळीज ज्याला देतात त्याच्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं की मेलेल्याचं हे सगळ्यात जवळचं माणूस. तसं कोणी बोलून दाखवत नाही, पण बोलून दाखवण्याची गरजही नसते.

आता उरिएलच्या आईला, म्हणजे दोन्या एल्वियाला (मोठ्या बाईला आमच्याकडे दोन्या म्हणतात), दोष द्यायचा तर कसा द्यायचा, हे मी त्या आठ दिवसांत पुष्कळ शोधलं. मिळालं नाही. यारेत्सीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात उरिएल तिचा नाचातला जोडीदार होता. भाड्याचा राखाडी कोट, केसांना अर्धी बाटली तेल, आणि महिनाभर तिच्या अंगणात वाल्ट्झची तालीम. त्याला डावा पाय कुठला हेच शेवटपर्यंत कळलं नाही. मीही होते तिथे, मागच्या मुलींच्या रांगेत, जांभळ्या झग्यात, आणि त्याने नाचताना तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून डोळे फिरवले, आणि तिथून, दीड-दोन वर्षांनी का होईना, सगळं सुरू झालं. कोटातला त्याचा तेवढाच फोटो. तो मोठा करून पेटीशेजारी ठेवला होता. कोणीतरी आधी यारेत्सीला कापून टाकायचं ठरवलं होतं, पण तिचा पांढरा हातमोजा त्याच्या खांद्यावर राहत होता, आणि खांद्यावर नुसता हातमोजा बरा दिसत नाही, म्हणून मग पूर्ण फोटोच ठेवला. आलेला प्रत्येक माणूस आधी त्याला बघत होता, मग तिला.

आणि तो फोटो पेटीशेजारी येण्याआधीसुद्धा खोटं आमचंच होतं. मुख्य म्हणजे माझं. माझे बाबा मला म्हणाले होते, कोणा पोराबरोबर दिसलीस तर शाळा बंद आणि रवानगी गावी, आजीच्या शेळ्यांमागे. बाबा बोलतात ते करतात. म्हणून मी उरिएलला सांगितलं होतं की कोणाला म्हणजे कोणालाही सांगायचं नाही, फोटो काढायचा नाही, फोनमध्ये माझं नाव ठेवायचं नाही. त्याने माझं नाव 'प्लंबर' असं ठेवलं. तो घरी सांगायचा, यारेत्सीकडे जातो. मी घरी सांगायचे, यारेत्सीकडे जाते. आणि यारेत्सी बिचारी खरोखरच घरी बसून टीव्ही बघायची, म्हणजे कोणी विचारलं तर मालिकेत काय झालं ते आम्हाला सांगता यावं. सात महिने तिने आमच्यासाठी त्या मालिका बघितल्या. अशी मैत्रीण कोणाला असते?

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, प्रेताजवळच्या जागरणाला आम्ही दोघी एकत्र गेलो. दारातून आत पाऊल टाकलं आणि दोन्या एल्विया उठली. ती ठेंगणी, रुंद बाई आहे, दिवसभर लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करते, तिच्या दंडांत ताकद आहे. ती सरळ आमच्याकडे आली, हात पसरून, आणि एक क्षण, फक्त एकच क्षण, मला वाटलं ती माझ्याकडे येते आहे. माझे हातही थोडे उचलले गेले. तिने यारेत्सीला कवेत घेतलं आणि म्हणाली, "माझ्या बाळा, तुझ्यावर फार जीव होता गं त्याचा." यारेत्सीने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. तोंड उघडं, डोळे मोठे, काय करू असं विचारणारे. सगळी खोली बघत होती. माझे बाबा मागे दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते, शेजारधर्माला आलेले. मी मान हलवली. होय म्हणून.

त्या मान हलवण्याबद्दल मी पुढे इतका विचार केला आहे की आता ती माझी मान होती की कोणा दुसऱ्याची, हेच कळेनासं झालंय. बाबांना घाबरून हलवली, असं म्हणता येतं. त्या आईला त्या घटकेला कोणीतरी मिठीत हवं होतं आणि ते सोडवून घेणं क्रूरपणाचं झालं असतं, असंही म्हणता येतं. दोन्ही खरं आहे. पण खरं कारण मला वाटतं असं होतं की मला वाटलं, आत्तापुरतं. आत्तापुरतं हो म्हणू, मग बघू. सतराव्या वर्षी माणसाला 'मग'वर फार विश्वास असतो, पेटी समोर असली तरी.

मग नऊ दिवस मी कॉफी वाटली. कोणी सांगितलं नव्हतं, पण रिकाम्या हाताने त्या घरात जायला मला काही कारण नव्हतं. यारेत्सी पुढे, दोन्या एल्वियाच्या शेजारी, माझा काळा स्वेटर घालून, कारण तिच्याकडे काळं काही नव्हतं. मी मागे, दाराशी, दालचिनी घातलेल्या कॉफीचं भांडं आणि कागदी कप. जप सांगणारी दोन्या चोले म्हातारी एका दमात म्हणायची, लोक दुसऱ्या दमात उत्तर द्यायचे, आणि ते उत्तर माझ्याही तोंडातून निघायचं, पण मी सारखी मोजत असायचे की कोणाचा कप रिकामा झाला. लोक म्हणायचे, "किती गुणाची पोरगी, कोणाची आहे?" दुसरं कोणी सांगायचं, "यारेत्सीबरोबर आलीय." घरी बाबा विचारायचे, "रोज रोज काय त्या घरी? नातं आहे का काही?" मी सांगायचे, "यारेत्सीला सोबत." तो मेल्यावरही आमची थाप तशीच चालत होती, तिला काही झालं नव्हतं.

रडायला जागा नव्हती, हे एक. घरी रडले असते तर विचारलं असतं. तिथे रडले असते तर लोक म्हणाले असते, ही का रडते? मी रोपवेत रडायचा प्रयत्न केला, पण डब्यात माणसं समोरासमोर बसतात. दोन स्टेशनांमध्ये चार मिनिटं लागतात. डबा रिकामा मिळाला की त्या चार मिनिटांत मी आणि उरिएल काय काय करायचो आणि स्टेशन आलं की कसे पाटीकडे बघत बसायचो! त्याचे कान नेहमी गार असायचे. त्याच्या अंगाला आईच्या साबणाच्या पावडरीचा वास होता, आणि तोंडाला तिखट लावलेल्या आंब्याचा, म्हणून माझे ओठ चुरचुरायचे. हे सगळं मी मनात पुन्हा पुन्हा म्हणायचे, जपासारखं, कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. फोटो नव्हता. त्याचा फोन त्याच्याबरोबरच चुरडला गेला होता, आणि माझ्या फोनमधला प्रत्येक निरोप मी रोज रात्री स्वतःच्या हाताने पुसला होता, बाबांच्या भीतीने. पाचव्या-सहाव्या दिवशी मला शंका यायला लागली. पुढे ती बसली होती, आईचा हात हातात घेऊन, नाक लाल, फोटोतही तीच. मी मागे कपांची चळत घेऊन. कोणालाही विचारलं असतं, यांतली त्याची कोण, तर त्याने काय सांगितलं असतं? मीसुद्धा तेच सांगितलं असतं.

आणि त्याच्या खाली आणखी एक शंका होती, ती मी यारेत्सीलाही सांगितली नव्हती. सुरुवातीला त्याने मला दोन-तीनदा विचारलं होतं, "आईला सांगू का? ती कोणाला बोलायची नाही." मी म्हटलं होतं, खबरदार. मग त्याने विचारणं सोडलं. आणि माझं असं झालं की त्याने सोडल्यावर मला वाटायला लागलं, हा विचारत का नाही? बंदी मीच घातलेली, पण त्याने ती मोडावी असं वाटायचं. एकदा मी सहज म्हणून विचारलं, "तुझ्या आईला मी कशी वाटते?" तो म्हणाला, "कोण तू? तिला तू माहीतच नाहीस." आणि हसला. मीही हसले. तो आज्ञाधारक होता म्हणून गप्प होता, की त्याला ते असंच बरं होतं, आईसाठी यारेत्सी आणि चार मिनिटांसाठी मी? हे त्याला विचारायचं राहिलं. राहिलेल्या बाकीच्या गोष्टींचं मला एवढं वाटत नाही.

आता चार वर्षं होऊन गेली. मी बरी आहे. लोक म्हणतात तसं बाहेर आले आहे. त्या महिन्यातच, शाळेच्या जिन्यात, कोणाची तरी पाटलोण फाटली आणि मी खो खो हसले, आणि हसून झाल्यावर घाबरले. मग पुन्हा हसले. बरं होणं कोणाला विचारून येत नाही, आणि कोणी अडवलं तर थांबतही नाही. सध्या एक जण आहे, चष्म्याच्या दुकानात काम करतो, चांगला आहे, त्याला मी माझ्या आईकडे पहिल्याच महिन्यात नेलं. पण तो नववा दिवस माझ्यात तसाच उभा आहे, आणि त्याचं काही करता येत नाही.

त्या दिवशी मी लवकर गेले, चार वाजता. आत तमालांची, म्हणजे मक्याच्या पिठाच्या पानग्यांची, भांडी वाफाळत होती, अंगणात खुर्च्या मांडत होते. पाच नवे छोटे झाडू रिबिनी बांधून पाटीत ठेवले होते, आणि शेजारी एक लाकडी पेटी, पावाच्या डब्याएवढी. जप झाला. मग दोन्या चोलेने एकेकाला बोलावलं. उजवा हात त्याच्या फुटबॉलच्या मास्तरांनी उचलला, डावा त्या शेजारणीने, जिच्या टाकीत तो नळी सोडत होता. ती बाई गुडघ्यावर बसली ती उठेचना, तिला दोघांनी धरून उठवलं. डोकं आणि पाय त्याच्या बाबांच्या कारखान्यातल्या दोघांनी. जमिनीवर फक्त मधला पांढरा चौकोन राहिला. "काळीज," दोन्या चोले म्हणाली.

यारेत्सी पुढे झाली. गुडघे टेकले, झाडू घेतला, आणि थांबली. ती वळली. सगळ्या डोक्यांवरून तिने दाराकडे बघितलं, माझ्याकडे, आणि मी तिला ओळखते, ती आता बोलणार होती. तिच्या तोंडात शब्द आलेला मला दिसत होता. माझ्या हातात ट्रे होता, ट्रेवर भरलेले कप. तो खाली ठेवायला माझ्या उजव्या हाताला टेबल होतं. एवढंच करायचं होतं. ट्रे ठेवायचा आणि सहा पावलं चालायचं. बाबा त्या दिवशी आलेही नव्हते. मी ट्रे घट्ट धरला. मला वाटलं, ती बोलू दे. मग वाटलं, नको. मग वाटलं, बोलू दे. आणि या दोन्हींच्या मध्ये दोन्या चोले म्हणाली, "मागे बघू नये, पोरी. मागे बघितलं की जिवाचा पाय अडकतो. चल." यारेत्सी पुढे वळली आणि तिने काळीज उचललं. चुना पेटीत पडताना आवाजसुद्धा झाला नाही. मग ती रडली, खरं रडली, खांदे गदगदून, आणि दोन्या एल्वियाने तिला उठवलं, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि म्हणाली, "कोमाद्रे." सतरा वर्षांच्या पोरीला. ती इतकी का रडली, हे मी तिला आजतागायत विचारलेलं नाही.

लोक जेवायला अंगणात गेले. यारेत्सीला मधोमध बसवलं, पहिलं ताट तिला. मी कप गोळा करत होते, तेव्हा दोन्या एल्विया मोठी केरसुणी घेऊन आत आली. नऊ दिवसांचा केर. मी तिच्या हातातून केरसुणी घेतली.

"राहू दे पोरी, मी करते."

"करू द्या मला."

ती खुर्चीवर बसली. पहिल्यांदाच एकटी. "तुझं नाव काय गं? नऊ दिवस तुझ्या हातची कॉफी पिते आहे आणि विचारलंसुद्धा नाही."

"ब्रिसेय्दा."

"यारेत्सीची मैत्रीण."

"हो."

मी झाडत होते. फुलांच्या पाकळ्या, मेणाचे थेंब, आणि लादीच्या भेगांत राहिलेला चुना.

"तुला एक विचारू?" ती म्हणाली. "तिला विचारवत नाही, ती लगेच रडते. बुधवारी हा जेवताना मला म्हणाला, आई, रविवारी कोंबडी कर, मोलेच्या तिखट रश्श्यात कर, एक जण येणार आहे. कोण म्हटलं तर हसला. म्हणाला, बघशील. आणि म्हणाला, आग्रह करून वाढ हं, ती लाजेल. मी लगेच गुरुवारी पहाटे बाजारातून आणली, टँकर यायच्या आधी." तिने मांडीवरचा ॲप्रन सरळ केला. "यारेत्सी पाच वर्षांची असल्यापासून येते इथे. येते ती आधी भांड्यांवरची झाकणं उघडते. तिच्यासाठी कोण असं सांगेल? ती कशाला लाजेल?"

केरसुणी माझ्या हातात चालत होती. तेच ते, झाडून झालेलं, मी पुन्हा झाडत होते. म्हणजे तो सांगणार होता. मला न विचारता, माझी बंदी मोडून, रविवारी. इतके दिवस मला जे हवं होतं ते माझ्यासमोर होतं, आणि अंगणात यारेत्सीला पहिलं ताट वाढलेलं होतं. काळीज पेटीत होतं. उचललेला क्रूस पुन्हा काढत नाहीत. या बाईला आता मी सांगितलं तर तिला एवढंच मिळणार होतं की तिच्या मुलाचं काळीज तिने चुकीच्या हातात दिलं, आणि ते जिने होऊ दिलं ती तिच्यासमोर केर काढते आहे. मी सांगितलं नाही तर तिला काय मिळणार होतं, तेही मला कळत नव्हतं.

"मला नाही माहीत, दोन्या एल्विया," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काही कळलं का, मला सांगता येणार नाही. तिने तोंडावरून हात फिरवला.

"जाऊ दे. आता कळून तरी काय," ती म्हणाली. "ती कोंबडी शेवटी शुक्रवारी जागरणालाच रांधली, आलेल्यांना वाढली. फक्त वाटतं, ज्या पोरीसाठी आणली, तिच्या तोंडाला काही लागली नाही."

लागली होती. त्या संध्याकाळी, ती मान हलवल्यानंतर, कोणीतरी माझ्या हातात ताटली दिली होती. मी आदल्या दिवसापासून जेवले नव्हते. दाराशी उभ्याउभ्या मी मांडीचा तुकडा खाल्ला, हाड चोखलं, बोटं चाटली, आणि वाढणाऱ्या बाईकडे जाऊन, कोणी आग्रह केला नसताना, न लाजता, आणखी एक मागून घेतला.